अंगठा लावा, आत या!

मस्टरवरची सही आणि साहेबांची लाल शाई जाऊन तिथे आता बोटाचा ठसा, कार्ड आणि चेहरा आला आहे. वीस गावांतल्या वीस शाखांची हजेरी एका पडद्यावर दिसू लागली आहे. सोय मोठी, यात शंका नाही. पण महिन्याचा पगार, रजेचा हिशेब आणि संकटात उघडणारे दार, हे सारे यंत्रावर सोपवून निर्धास्त राहता येईल का?

नोकरदार माणसाच्या घरात सकाळी घड्याळ जरा जास्तच वेगाने पळते. डबे भरायचे, मुलांना शाळेच्या रिक्षात बसवायचे, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या आणि मग बस किंवा लोकल गाठायची. या साऱ्या धावपळीचे दुसरे टोक म्हणजे कार्यालयाचे दार. पूर्वी या दाराशी हजेरीपट, म्हणजे आपले नेहमीचे मस्टर, ठेवलेले असे. ठरलेली वेळ उलटून दहा-पंधरा मिनिटे झाली की हेडक्लार्क ते उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवी. त्यानंतर येणाऱ्याला साहेबांसमोर उभे राहून सही करावी लागे आणि नावापुढे लाल शाईची खूण होई. अशा तीन खुणा झाल्या की एक किरकोळ रजा गेली, असा कित्येक कचेऱ्यांचा रिवाज होता.

मस्टर सांभाळणारा माणूस असल्यामुळे त्याच्याशी बोलता येत असे. 'गाडी बंद पडली होती', 'मुलाला ताप आहे' असे सांगितले की समजूतदार साहेब मान डोलवत. पण याच माणुसकीचा गैरफायदाही भरपूर घेतला गेला. मित्राची सही मित्र करी. आठवड्याभराच्या सह्या एकाच दिवशी उरकल्या जात. मर्जीतला माणूस अकराला येऊनही वेळेवर आलेला ठरे आणि मर्जीबाहेरच्याला पाच मिनिटांसाठी चारचौघांत बोलणी खावी लागत.

या दोन्ही दुखण्यांवर उतारा म्हणून यंत्र आले. यंत्राला मित्र नाही, शत्रू नाही. मात्र त्याला कानही नाहीत, हे विसरून चालणार नाही.

भोंग्यापासून ठशापर्यंत

कामावर येणाऱ्याची वेळ यंत्राने टिपण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न नावाचे गाव आहे. तिथल्या विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८ साली वेळ नोंदवणारे घड्याळ तयार केले. प्रत्येक कामगाराला स्वतःच्या क्रमांकाची किल्ली मिळे. ती घड्याळात फिरवली की क्रमांक आणि वेळ कागदी पट्टीवर छापली जाई. या घड्याळांचा व्यवसाय पुढे इतर कंपन्यांत मिसळत गेला आणि त्यातूनच १९२४ साली आयबीएम हे नाव धारण करणारी जगप्रसिद्ध संगणक कंपनी उभी राहिली. संगणकाच्या घराण्यातला एक पूर्वज हजेरीचे घड्याळ होता, हे अनेकांना ठाऊक नसेल!

आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात भोंगा वाजला की फाटकावर गर्दी होई. कायम कामगार आत जात आणि बदली कामगार फाटकाबाहेर ताटकळत उभे राहत. कोणी गैरहजर राहिला तरच त्यांच्या घरची चूल त्या दिवशी पेटायची. हजेरी हा पोटाचा प्रश्न असतो, हे गिरणगावाने पिढ्यानपिढ्या अनुभवले.

आणि बोटाच्या ठशाची गोष्ट तर थेट आपल्या देशातली आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या मालाचा करार केला. पुढे त्याने करार नाकारू नये म्हणून हर्शेलने त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. १८९७ साली कोलकात्यात ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांचे वर्गीकरण कसे करावे, याची पद्धत बसवण्यात अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ठसा पहिल्यांदा घेतला गेला तोही समोरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास नव्हता म्हणूनच. आजच्या कार्यालयातल्या यंत्रामागेही हीच भावना आहे.

एक कंपनी, वीस गावे

आता हे सारे चालते कसे, ते पाहू. समजा, एखाद्या वित्तसंस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि शाखा नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा वीस ठिकाणी आहेत. प्रत्येक शाखेच्या दारावर एक लहान यंत्र बसते. ते बोट, चेहरा किंवा कार्ड वाचते. त्याला जोडलेला नियंत्रक दाराचे कुलूप उघडतो. त्याच वेळी 'अमुक क्रमांक, अमुक दार, अमुक वेळ' एवढी नोंद तारेने किंवा इंटरनेटने मुख्य संगणकाकडे जाते. महिनाअखेरीस हाच संगणक हजेरी, रजा आणि जादा काम यांचा तक्ता तयार करून पगाराच्या हिशेबाला देतो.

यंत्रात बोटाचे छायाचित्र जसेच्या तसे ठेवले जाते, असा पुष्कळांचा समज असतो. बहुतेक यंत्रे तसे करत नाहीत. बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे त्यांना फाटे फुटतात, अशा खुणांच्या जागा टिपून त्यांचे आकड्यांत रूपांतर केले जाते. चेहऱ्याचेही तसेच. दुसऱ्या दिवशी बोट ठेवले की नवे आकडे जुन्यांशी ताडून पाहिले जातात. ते शंभर टक्के कधीच जुळत नाहीत. म्हणून 'इतके जुळले तर माणूस तोच' अशी एक मर्यादा ठरवावी लागते. ही मर्यादा कडक ठेवली तर खऱ्या कर्मचाऱ्यालाही यंत्र परत पाठवते आणि सैल ठेवली तर भलताच माणूस आत जाऊ शकतो. ही रस्सीखेच कोणत्याही यंत्राला चुकलेली नाही.

अनेक गावांचा कारभार एका जागेवरून चालवण्याचे फायदे उघड आहेत. नागपूरचा लेखापरीक्षक इंदूरला गेला तर त्याला नवे कार्ड काढावे लागत नाही. एखाद्याने नोकरी सोडली की सगळ्या शाखांतला त्याचा प्रवेश एका क्षणात बंद करता येतो. पूर्वी किल्ल्यांचे जुडगे परत घेता घेता महिने जात. रोकड असलेल्या खोलीत, औषधांच्या भांडारात किंवा संगणकांच्या दालनात कोण केव्हा गेले, हे नंतर पाहता येते. चोरी झाल्यावर रखवालदारावरच संशय घेण्याची जुनी खोडही त्यामुळे थोडी कमी होते.

पण अडचणीही इथेच सुरू होतात. पुण्यात बसून सुट्ट्यांची यादी भरणाऱ्याला गुढीपाडवा आणि १ मे आठवतो. पाटण्याची छठपूजा किंवा गुवाहाटीचा बिहू आठवेलच असे नाही. यादीत सुट्टी भरली नाही, तर त्या दिवशी अख्खी शाखा गैरहजर ठरते! रात्री दहाला येऊन सकाळी सहाला जाणाऱ्याची पाळी दोन तारखांत विभागली जाते. यंत्राला ते नीट शिकवले नसेल तर एकाच रात्रीचे दोन अर्धे दिवस दिसतात. बाहेर पडताना बोट ठेवायचे राहिले की दिवसभर राबलेला माणूसही कागदावर गायब होतो. यंत्राचे घड्याळ सात मिनिटे पुढे असेल तर वेळेवर आलेल्याला लेट मार्क बसतो. यातली एकही चूक कर्मचाऱ्याची नसते, पण पैसे मात्र त्याचे कापले जातात.

दिल्लीचा प्रयोग

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग केंद्र सरकारने केला. २०१४ साली दिल्लीतील केंद्रीय कार्यालयांत आधारशी जोडलेली हजेरी सुरू झाली. कर्मचाऱ्याने आपला सहा आकडी क्रमांक दाबायचा, बोट ठेवायचे आणि त्याचा ताळा आधारच्या नोंदीशी घातला जायचा. कोणत्या खात्यात आज किती जण आले, हे संकेतस्थळावर कोणत्याही नागरिकाला दिसू लागले. सरकारी कचेरीत खुर्चीला कोट अडकवून साहेब चहाला गेल्याचे विनोद वर्षानुवर्षे ऐकलेल्या जनतेला हे आवडले नसते तरच नवल!

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि एकाच काचेवर शेकडो बोटे टेकवणे धोक्याचे ठरले. बोटांची हजेरी थांबवण्यात आली, मस्टर पुन्हा कपाटातून बाहेर निघाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कार्यालयांत ठशांची हजेरी परत सुरू झाली. जून २०२४ मध्ये कार्मिक विभागाने सर्व खात्यांना पुन्हा एकदा बजावले आणि मोबाईलवर चेहरा दाखवून हजेरी लावण्याचा मार्गही सुचवला. दहा वर्षांनंतरही पुन्हा बजावावे लागते, यातच बरेच काही आले. मुंबईच्या मंत्रालयातही २०२५ सालापासून चेहरा ओळखणारी यंत्रणा प्रवेशद्वारांवर आली आहे.

केंद्राच्या नियमांत एक चांगली गोष्ट मात्र आधीपासून आहे. उशिरा येण्याबद्दल अर्धी किरकोळ रजा कापली जाते. पण योग्य कारण असेल तर महिन्यातून दोन वेळा, एक तासापर्यंतचा उशीर अधिकारी माफ करू शकतो. यंत्र वेळ टिपणार, पण माफी द्यायची की नाही हे माणूस ठरवणार. ही वाटणी शहाणपणाची आहे आणि खासगी कंपन्यांनीही ती उचलण्यासारखी आहे.

यंत्रालाही गंडवणारे

यंत्र बसवले की लबाडी संपली, असे मानणाऱ्यांसाठी ब्राझीलची एक हकिगत बोलकी आहे. मार्च २०१३ मध्ये साव पावलोजवळच्या फेराझ दे वास्कोन्सेलोस या गावातील एका डॉक्टर महिलेला पकडण्यात आले. तिच्याकडे सिलिकॉनची सहा कृत्रिम बोटे सापडली! सहकाऱ्यांच्या बोटांचे ते साचे यंत्रावर टेकवून ती त्यांची हजेरी लावत होती.

आपल्याकडचा अनुभव याहून मोठा आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर २०२१ साली मोबाईलवरून हजेरी सुरू झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची करण्यात आली. मजुरांचे छायाचित्र, ठिकाणाच्या खुणेसह, दिवसातून दोनदा पाठवायचे होते. माळरानावर मोबाईलला रेंज नाही, छायाचित्र जात नाही, म्हणून राबूनही मजुरी बुडाल्याच्या तक्रारी आल्या. त्या वर्षी मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घकाळ धरणे धरले. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र पाठवून कळवावे लागले की, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवणे, कामाशी संबंध नसलेली चित्रे चढवणे असे प्रकार चालू आहेत. त्यावर उपाय कोणता सांगितला? ही छायाचित्रे माणसांनी डोळ्यांखालून घालावीत, हा! लबाडाला पळवाट सापडली आणि रेंज नसलेल्या मजुराची मात्र मजुरी अडली. माणसाची जागा घेण्यासाठी आणलेल्या यंत्रावर पुन्हा माणसाचीच नजर ठेवावी लागली.

साध्या कार्डांचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या कार्डांची नक्कल करणे फारसे अवघड नाही. शिवाय एकाने कार्ड दाखवून दार उघडले की मागून दोघे-तिघे आत शिरतात. मागच्यासाठी दार धरून ठेवणे ही आपल्याकडे सभ्यता मानली जाते. सुरक्षेच्या पुस्तकात मात्र ती चूक ठरते.

बोट ओळख देईना

काही बोटे यंत्राला वाचताच येत नाहीत. वर्षानुवर्षे विटा उचलणारा, सिमेंट कालवणारा, फरशी पुसणारी, भांडी घासणारी, रसायनांत काम करणारा, यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. उतारवयात त्वचा कोरडी पडते. थंडीत बोटे फुटतात. भाजी चिरताना बसलेला एक काप किंवा मेंदीचा जाड थरही सकाळी रांगेत खोळंबा करू शकतो. म्हणजे ज्यांनी हातांनी सर्वांत जास्त काम केले, त्यांच्याच हातांना यंत्र ओळखत नाही. याहून उलटा न्याय कोणता?

चेहऱ्यावर भरवसा ठेवावा, तर तिथेही सगळ्यांना सारखी वागणूक नाही. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये अशा अनेक प्रणालींची तपासणी जाहीर केली. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत एकाला दुसरा समजण्याच्या चुका गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा काही प्रणालींत १० ते १०० पट अधिक आढळल्या. नंतर या प्रणाली सुधारल्या. तरीही दारातला अंधार, पाठीमागचे ऊन आणि तोंडावरचा रुमाल यांनी आजही गोंधळ होतो.

म्हणून प्रत्येक दाराशी दुसरा मार्ग हवा. बोट चालले नाही तर कार्ड, कार्ड विसरले तर नोंदवही आणि ती नोंद खरी मानणारा एक जबाबदार माणूस. रोज सकाळी दहा जणांसमोर पाच वेळा बोट पुसून पुन्हा ठेवणाऱ्या सफाई कामगार बाईंना 'मावशी, तुम्ही जा आत, मी लिहून घेतो' असे म्हणणारा रखवालदार ही यंत्रणेतली त्रुटी मानू नये. तोही यंत्रणेचाच एक भाग असायला हवा.

आत येणे कठीण, बाहेर पडणे सोपे

दारांच्या बाबतीत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कामगारांनी माल चोरू नये, मध्येच बाहेर जाऊ नये म्हणून एक दार कुलूपबंद ठेवलेले होते. १४६ जण मेले. त्यात बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्या घटनेनंतर तिथले कायदे बदलले. दार हे मालाच्या रक्षणासाठी असले तरी माणसाचा जीव त्याच्या आधी येतो, हा धडा जगाने फार मोठी किंमत मोजून घेतला.

आजच्या विजेच्या कुलपांना तो तंतोतंत लागू पडतो. चुंबकावर चालणारे कुलूप वीज असेपर्यंतच दार धरून ठेवते. वीज गेली की दार सुटते. काही कुलपे नेमकी उलट असतात. वीज गेली की ती बाहेरून बंदच राहतात. ती खजिन्याच्या खोलीला ठीक, पण तिथेही आतल्या माणसाला मूठ फिरवून बाहेर पडता आले पाहिजे. आगीचा इशारा वाजला की वाटेतली सर्व दारे आपोआप सुटली पाहिजेत. दाराजवळ काच दाबून कुलूप सोडणारी हिरवी पेटी हवी. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही म्हटले आहे की, बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. कार्ड हीसुद्धा एक किल्लीच आहे!

सगळी दारे एकाच केंद्राला बांधण्याचा आणखी एक धोका ४ ऑक्टोबर २०२१ रोजी साऱ्या जगाने पाहिला. त्या दिवशी फेसबुकची संपूर्ण यंत्रणा सुमारे सहा तास बंद पडली. कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांना स्वतःच्या इमारतीत शिरता येईना, कारण त्यांची ओळखपत्रेही त्याच बंद पडलेल्या जाळ्यावर चालत होती, असे वृत्त तेव्हा आले. बिघाड दुरुस्त करायला जाणारेच दाराबाहेर! म्हणून शहाणी यंत्रणा दाराजवळच्या नियंत्रकातच परवान्यांची यादी ठेवते. तार तुटली तरी दार चालते, नोंदी साठतात आणि जोडणी आली की त्या मुख्य संगणकाकडे जातात.

ठसा बदलून मिळत नाही

कुलपाची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. बँकेचा पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो. पण बोटाच्या ठशाची माहिती चोरीला गेली तर नवे बोट कुठून आणायचे? ही भीती कल्पनेतली नाही. २०१९ च्या प्रारंभी झारखंड सरकारच्या हजेरी संकेतस्थळावरून सुमारे १ लाख ६६ हजार कर्मचाऱ्यांची माहिती, आधार क्रमांकांसह, उघड्यावर पडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही संशोधकांना दक्षिण कोरियातील एका कंपनीच्या दार-नियंत्रण प्रणालीचा साठा असुरक्षित सापडला. अनेक देशांतल्या कार्यालयांची दारे ही प्रणाली सांभाळत होती. त्यात दहा लाखांहून अधिक लोकांचे ठसे असल्याचे संशोधकांनी सांगितले. प्रत्यक्ष फटका बसलेल्यांची संख्या बरीच कमी आहे, असे कंपनीचे म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती मालकाला स्वतंत्र संमतीशिवाय वापरण्याची मुभा आहे. पण ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने सर्को लेझर या कंपनीला ३८ क्रीडा व करमणूक केंद्रांत हजेरीसाठी चेहरा आणि ठसे घेणे थांबवण्याचा आदेश दिला. दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा हा प्रश्न होता. कार्डासारखा साधा मार्ग असताना शरीराची खूण कशाला घेता, हा आयुक्तांचा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक व्यवस्थापकाने स्वतःला विचारावा असा आहे.

यंत्र घरात शिरते तेव्हा

दारावरचे यंत्र निदान दारावरच थांबते. मोबाईलमधली हजेरी तिथे थांबतेच असे नाही. विक्री प्रतिनिधी, बँकेचा वसुली कर्मचारी, घरोघरी फिरणारी परिचारिका यांची हजेरी ते उभे असलेल्या ठिकाणावरून लागते. कामाच्या वेळेत हे समजण्यासारखे आहे. पण काम संपल्यावरही ते अॅप ठिकाण टिपत राहिले, तर माणूस रविवारी कोणत्या डॉक्टरकडे गेला, कोणत्या नातेवाइकाकडे थांबला, हेही मालकाला कळू शकते. नागपूर आणि चंदीगड येथे सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे आली, तेव्हा आपल्यावर सतत पाळत आहे ही बोचणी आणि घड्याळ बिघडले तर पगार कापला जाईल ही धास्ती कामगारांनी बोलून दाखवली.

महिलांच्या दृष्टीने या यंत्रणेला दोन बाजू आहेत. रात्रपाळीला असलेली मुलगी किती वाजता बाहेर पडली, याची पक्की नोंद राहणे हा घरच्यांना आधार वाटतो. मात्र तीच मुलगी दिवसात किती वेळा आणि किती मिनिटे जागेवरून उठली, याचा हिशेब जर तिचा वरिष्ठ मांडू लागला, तर तो आधार न राहता जाच होतो. नोंद कोणाला, किती आणि कशासाठी दिसावी, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

पगाराचा मुद्दा राहिलाच. गैरहजेरीची कपात जितका वेळ माणूस नव्हता त्या प्रमाणातच असावी, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते आहे. दहा मिनिटांच्या उशिरासाठी अर्ध्या दिवसाचा पगार गिळणारे गणित यंत्रात कोणी भरून ठेवले असेल, तर दोष यंत्राचा नाही, भरणाऱ्याचा आहे.

सकाळी दारातला दिवा हिरवा झाला की माणूस आल्याची नोंद होते. पण त्याने दिवसभर काय काम केले, कोणाची अडचण सोडवली, आजारी सहकाऱ्याचा भार कसा उचलला, हे त्या दिव्याला कळत नाही. वेळेवर येऊन दिवसभर पेंगणारा त्याच्या लेखी आदर्श, आणि लोकल रखडल्यामुळे वीस मिनिटे उशिरा येऊन रात्री आठपर्यंत बसणारा गुन्हेगार. यंत्राने नोंद ठेवावी, नक्की ठेवावी. त्या नोंदीचा अर्थ लावून पगार कापायचा की माफी द्यायची, हे मात्र नाव-गाव असलेल्या, ज्याला जाऊन भेटता येईल अशा माणसानेच ठरवावे. मस्टर गेले म्हणून दाद मागण्याची जागाही जाता कामा नये.

नोकरीच्या ठिकाणी हे जरूर विचारा

१. बोट किंवा चेहरा यांऐवजी कार्डाचा पर्याय आहे का?

२. ठसा कुठे साठवला जातो: दारावरच्या यंत्रात, मुख्य कार्यालयात की बाहेरच्या कंपनीकडे? नोकरी सोडल्यावर तो पुसला जातो का?

३. आपली हजेरी आपल्याला रोजच्या रोज पाहता येते का? चूक दिसल्यास किती दिवसांत आणि कोणाकडे अर्ज करायचा?

४. यंत्र बंद असेल किंवा वीज नसेल त्या दिवशी हजेरी कशी धरली जाते? नोंदवहीत सही केल्याचा पुरावा ठेवा.

५. आगीच्या वेळी कोणती दारे आपोआप उघडतात? शेवटची चाचणी केव्हा झाली?

६. मोबाईलवर हजेरी असल्यास काम संपल्यावर ठिकाण टिपणे बंद होते का? अॅपला ठिकाणाची परवानगी 'फक्त वापरताना' एवढीच द्या.

७. दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवरील हजर दिवस स्वतःच्या डायरीशी ताडून पाहा. चार ओळींची ही डायरी गरजेच्या वेळी फार कामाला येते.